विज्ञान खोक्यातून येत नाही

शालेय विज्ञानशिक्षणाचा प्रश्न निघाला की आपले राज्यकर्ते प्रथम खरेदीची यादी काढतात. २०१६ साली अटल टिंकरिंग लॅबची योजना आली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि त्यातून त्रिमिती छपाईचे यंत्र, यंत्रमानवाचे सुटे भाग अशी सामग्री, असे तिचे स्वरूप. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा पाच वर्षांत काढण्याची घोषणा झाली. यंत्रांना आमचा विरोध नाही. पेण-रोह्याच्या मुलांनीही ती हाताळलीच पाहिजेत. विरोध आहे तो विज्ञान खोक्यात बंद करून शाळेत पोचवता येते, या समजुतीला.

कारण सामान्य घरातील मूल विज्ञानात का अडते, याचे संशोधन याच महाराष्ट्रात झालेले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यास गेले, मुंबई महापालिकेच्या शाळांत गेले. तेथे त्यांना आढळले की अडसर मुलांच्या बुद्धीत नसून पाठ्यपुस्तकाच्या भाषेत आहे. आशय तोच ठेवून भाषा सोपी करताच मुलांचे आकलन वाढले. पालिका शाळांतील दलित व गरीब मुलांना योग्य मार्गदर्शन मिळताच त्यांनी शालान्त परीक्षेत उत्तम यश मिळवले. पुढे याच केंद्रातील संशोधकांनी शहरी आणि ग्रामीण शाळांतील मुलांकडून पिशवी, पवनचक्की अशा वस्तूंचे आराखडे काढवून त्या घडवून घेतल्या आणि हाताने काम करताना मूल विचार कसा करते, याचा अभ्यास केला. ‘ही मुले मुळातच कच्ची’ हा सिद्धान्त तेव्हाच कोसळला. तरीही शिक्षणव्यवस्था आजही त्याच्याच आधारे चालते.

पेणकडे पाहा. येथील गणेशमूर्तींचे कारखाने ही रसायनशास्त्राची उघडी प्रयोगशाळा आहे. शाडूची मूर्ती पाण्यात विरते, प्लास्टरची का विरत नाही? जिप्सम भाजून प्लास्टर होते. त्यात पाणी घातले की ते तापते आणि पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ही मूर्ती विरघळवण्याची रीत दाखवली आणि २०१६ पासून पुण्यात ती वापरातही आली. ज्या मुलाचे आईबाप रोज प्लास्टर कालवतात, त्याला रासायनिक अभिक्रियेची व्याख्या मात्र पाठ करावी लागते! खारेपाटात बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की भात का जळते, हे परासरणाच्या धड्यात सांगता येते. पण धडा आणि बांध यांची गाठ कोणी घालून देत नाही.

रोह्यात तर प्रश्न आणखी टोकदार आहे. मुळशीचे पाणी भिऱ्याला वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते. त्याच मुळशीसाठी सेनापती बापटांनी शतकापूर्वी सत्याग्रह केला होता. खाली धाटावची रासायनिक वसाहत आहे. हळदीचा कागद अल्कधर्मी पाण्यात लाल होतो; जास्वंदीचा रस आम्लही ओळखतो. चार आण्यांच्या या साधनांनी आठवीचा वर्ग नदीचे पाणी वर्षभर तपासू शकतो, नोंदी ठेवू शकतो.

आणि नेमके हेच व्यवस्थेला नको आहे. खोक्यातला यंत्रमानव कोणालाही प्रश्न विचारत नाही. नदी तपासणारे मूल मात्र विचारते, की हे पाणी कोणी बिघडवले? हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते, मग खारेपाटाच्या वाट्याला उन्हाळ्यात टँकर का? संशोधन कपाटात पडून राहते ते पैशाअभावी नव्हे, या प्रश्नांच्या धास्तीने.

कोणी म्हणेल, गावचे विज्ञान शिकवाल तर मुले स्पर्धेत मागे पडतील. पण पेणचे जिप्सम आणि मुंबईचे जिप्सम यांचे नियम निराळे नाहीत. गाव हा विज्ञानाचा उंबरठा आहे, कुंपण नव्हे. आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलाच्या स्पर्धेची चिंता या मंडळींनी कधी वाहिली? दहाहून कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय २०१७ साली याच राज्याने घेतला होता.

मात्र संशोधनावर विसंबून चालणार नाही. मध्यप्रदेशात १९७२ साली सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षे प्रयोगातून विज्ञान शिकवत होता. २००२ साली तेथील काँग्रेस सरकारने तो एका आदेशाने गुंडाळला. ज्या सुधारणेमागे संघटित पालक उभे नसतात, ती एका सहीने मरते.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार दिला आहे. पेण आणि रोह्यातील प्रत्येक समितीत विचारा: विज्ञान शिकलेला शिक्षक आहे काय? प्रयोगाच्या साहित्याचे कपाट वर्षातून किती वेळा उघडते? स्थलांतरित मुलांची शाळा भट्टीपर्यंत जाते काय? उत्तरे लेखी मागा, ग्रामसभेत वाचून दाखवा. रस्त्यासाठी आपण मोर्चा काढतो, पाण्यासाठी काढतो. विज्ञानाच्या तासासाठीही काढावा लागेल.