बोललेला आकडा आणि झोडपलेली बाग

निफाडकडच्या गावांत हरिनाम सप्ताहाची सांगता झाली की मांडवातच सभामंडपाची वर्गणी बोलली जाते. माइकवर नाव पुकारतात, ‘एकवीस हजार’ ऐकू येतं, टाळ्या पडतात, वहीत नोंद होते. तेव्हा बागेत घड लगडलेले असतात. पुढे गारपीट होते आणि तोच बागायतदार देवळाकडची वाट टाळू लागतो. समितीचा फोन उचलत नाही.

ज्यू धर्मशास्त्राने या माणसाचा विचार फार पूर्वी केला आहे. तिथे दानाचा नुसता शब्दही नवसासारखा बांधतो. त्यातून सुटका आहे, पण ती लपून नाही. पैसे खजिनदाराच्या हाती पडण्याआधी माणूस तिघांसमोर जातो आणि सांगतो, हे तेव्हा ध्यानात आलं असतं तर बोललोच नसतो. गरज खरी वाटली, तर ते तिघे त्याला मोकळं करतात. नंतर उपटलेली अघटित घटना कारण म्हणून चालावी, असं रब्बी एलिएझर म्हणत. इतर पंडितांनी ते मानलं नाही. नेहमी घडणारी गोष्ट मात्र चालते. नाशिकची गारपीट नेहमीचीच.

शब्द पाळण्याची गोष्ट तर मराठी ज्यूंच्या घरातली आहे. टिपूच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा नवस सामाजी हसाजी दिवेकर बोलले होते, असं हे मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, सांगतात. मुंबईत मांडवीला 1796 साली उभं राहिलेलं ‘शार हारहमीम’ त्यांचंच.

आपलं न्यायालय शब्दापेक्षा खर्चाकडे पाहतं. हावड्याच्या टाऊन हॉलसाठी बोललेले शंभर रुपये कलकत्ता हायकोर्टाने 1886 मध्ये द्यायला लावले, कारण त्या भरवशावर बांधकामाचा ठेका दिला गेला होता. मशिदीच्या दुरुस्तीसाठी बोललेले पाचशे 1914 मध्ये अलाहाबादला वसूल झाले नाहीत; काम सुरूच झालं नव्हतं.

गावच्या समित्यांनी यातून तिघांची बैठक उचलावी. ठेकेदाराला उचल देण्याआधी एक दिवस ठरवावा, ज्यांची बाग झोडपली त्यांना बोलवावं, ऐकून घ्यावं आणि आकडा कमी करावा किंवा खोडावा. देवळाच्या फळ्यावर नावापुढे ‘बाकी’ लिहिणं बंद व्हायलाच हवं; शाळेत जाणारी मुलं ते रोज वाचतात. उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त दान करू नये, नाहीतर देणाराच मागता होईल, असंही ज्यू पंडितांनी घालून दिलं आहे. माइक हातात घेणाऱ्याने एकवीस हजार वहीत चढवण्याआधी बोलणाऱ्याला बाजूला घेऊन एवढं विचारावं: सोसायटीचं कर्ज किती आहे?