हिरण्यकशिपू कोणाच्या घरी?

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीचा नृसिंह पुष्कळ शेतकरी व कारागीर घराण्यांचे कुलदैवत आहे. हिरण्यकशिपूची कथा त्यांच्या लहान पोरांसही पाठ असते. देवाहून मीच मोठा म्हणणारा राजा आणि खांब फोडून निघालेला देव! कथा ऐकताना जो तो प्रल्हादाच्या बाजूस बसतो. ‘हा दैत्य म्हणजे मीच तर नव्हे ना?’ अशी शंका आजवर कोणा यजमानास आली आहे काय? पुराणिकबुवांस तर ती येण्याचे कारणच नाही. दक्षिणेचे ताट त्यांच्यापुढे असते.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ही कथा उलटी करून दाखविली. हिरण्यकशिपू हा आपल्याच लोकांचा राजा. सिंहाचे सोंग घेऊन, खांबाआड दबा धरून त्याचा दग्याने घात झाला, आणि लिहिणाऱ्यांनी मारणाऱ्यास देव ठरविले, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून आम्हां बहुजनांची मान ताठ झाली, व ते योग्यच झाले. पण आपण नाडलेले आहोत एवढेच घोकीत बसले, म्हणजे आपल्या हातून कोणी नाडला जातो हे दिसेनासे होते. भटजीच्या दक्षिणेवर कुरकुरणारा कुणबी खळ्यावर सुताराचे बलुते मोजताना हात आखडीत असे. आणि तोच सुतार घरी येऊन मांगाचा विटाळ मानीत असे. (सुताराच्या बायकोचे गाऱ्हाणे कोणी ऐकले, ते विचारूच नका.)

मराठवाड्यात याचे फळ १९७८ साली दिसले. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. निजामी अमलातून नुकत्याच सुटलेल्या या मुलखात, औरंगाबादेस, १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढणारे तेच बाबासाहेब. तेथे सर्व जातींस दार उघडे होते. तरी आम्हांस वाटले, आमची अस्मिता कोणी लुटून नेत आहे! परभणी-नांदेडकडील खेड्यांत दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीस पोचिराम कांबळे यांस हाल करून ठार मारले. चिथावणारे शहरातले असोत. पण खेड्यांतील जमावात नांगर धरणारे आमचे भाऊबंद होते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राबलेला माणूस त्यांस त्या दिवशी आपल्या मोठेपणावर चालून आलेला वैरी दिसला. आपण खांबातून निघालो आहो, असेच त्यांतील पुष्कळांस वाटले असेल!

नाव लागण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, म्हणजे साडेपंधरा वर्षे. आणि तेही ‘मराठवाडा’ हा शब्द राखूनच. त्या जळालेल्या घरांतील माणसांची क्षमा कोणत्या गावाने ग्रामसभेत ठराव करून मागितली असल्यास, तेथील वाचकांनी कळवावे. तो ठराव आम्ही पहिल्या पानावर छापू.