दिवाळीआधी पोरांचे कान दाखवा

आज लेकराला आंघोळ घालताना एवढं करा. त्याच्या दोन्ही कानांशी नाक नेऊन वास घ्या. गोधडीवर, उशीवर पिवळट डाग पडलाय का ते पाहा. वास किंवा डाग असेल, तर ते पोर या आठवड्यात डॉक्टरपुढे जायला हवं.

घाई का, ते सांगते. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की खालापूर-कर्जतकडच्या कितीतरी कातकरी वाड्या रिकाम्या होतात. उचल आधीच घेतलेली असते. मुकादमाची गाडी येते आणि घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत शाळेतली तपासणी चुकते, अंगणवाडी सुटते, ओळखीची आशाताई भेटत नाही. पावसाळ्यातल्या सर्दीने फुटलेला कान तसाच वाहत भट्टीवर जातो. म्हणून आपल्या हातात आहेत ते एवढेच दिवस.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तिसरीतला एक मुलगा हाक मारली तरी वळून बघायचा नाही. मी त्याला मठ्ठ म्हटलं, मागे भिंतीशी बसवलं. पुढे तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्याच्या कानात उजेड टाकून पाहिलं, तर दोन्ही पडद्यांना भोकं. त्या पोराने माझा एकही धडा नीट ऐकला नव्हता, बोलणी मात्र वर्षभर खाल्ली होती. ते मला आजही टोचतं. शिक्षक मित्रमैत्रिणींनो, जे मूल ‘लक्ष देत नाही’ त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगा आणि कुजबुजत दोन-तीन आकडे बोला. मग दुसरा कान. त्याला ते परत सांगता आले नाहीत, तर आधी त्याचे कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. ज्या वाडीवरची पोरं त्या दिवशी हजर नव्हती, त्यांची यादी करून आरोग्य केंद्रात द्या.

कान मुळात फुटतो कसा? नाकाच्या मागून मधल्या कानात एक बारीक नळी जाते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीतला जंतू सहज वर चढतो. पडद्यामागे पू साठतो, पोर रात्रभर ठणक्याने रडतं. मग पडदा फाटून पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. इथेच आपण फसतो. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं घरात सगळ्यांना वाटतं. पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा. लवकर औषध मिळालं तर तो बहुधा आपोआप भरून येतो. दोन आठवड्यांच्या वर कान वाहत राहिला, तर भोक कायमचं होण्याची भीती वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांच्या बहिरेपणातला सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोगा असतो.

वाहत्या कानात कोमट तेल, लसणाचं तेल, पाल्याचा रस काहीही घालू नका. आजीने मायेनेच सांगितलेलं असतं, पण फाटलेल्या पडद्यातून ते थेट आत उतरतं. दुकानातून परस्पर आणलेले थेंबही नकोत, कारण त्यांतली काही औषधं पडदा फाटलेला असताना आतल्या कानाला इजा करू शकतात. काडी, पिन, कानकोरणं नको, आणि बाजारात मळ काढून देणाऱ्यापुढे पोराचा कान धरू नका. डॉक्टरकडे जाईपर्यंत कान कोरडा ठेवणं हेच खरं काम. समईची वात वळतो तशी स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळा, कानाच्या तोंडाशी अलगद धरा, भिजली की फेका, दुसरी घ्या. वात कानात ठेवून देऊ नका. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवा. नदीत, डोहात, धबधब्याखाली डुंबणं तूर्त बंद.

पोराने कानात वाल किंवा चिंचोका घातला असेल तर पाणी ओतू नका, दाणा फुगून घट्ट बसतो. घरी उकरू नका, सरळ दवाखान्यात न्या.

आणि ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा: कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, तापाबरोबर डोकं फुटल्यासारखं दुखून उलट्या होणं, मान आखडणं, गरगरणं. कुजका वास येणारा स्राव हाडापर्यंत, तिथून मेंदूपर्यंत आजार नेऊ शकतो. माणसं यात दगावतात.

मोठ्यांसाठीही थोडं. रात्री झोपताना चांगला असलेला कान सकाळी एकाएकी ऐकेनासा झाला, तर दडे बसलेत म्हणून आठवडा काढू नका. पहिल्या तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची आशा जास्त असते. खोपोलीच्या कारखान्यांत मोठ्या आवाजात पाळी करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा कानाचं संरक्षण हक्काने मागा.

जायचं कुठे? आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून चौकच्या ग्रामीण किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात. कान-नाक-घसा तज्ज्ञ कुठे आणि कुठल्या दिवशी बसतात ते आशाताईकडून आधी विचारून घ्या, उगाच मजुरी बुडायला नको. पुढे पाठवलं तर घाबरू नका. खोपोली लोकलने भायखळ्याला उतरलं की जे. जे. रुग्णालय जवळ आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळांसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिथे बाळ जितकं लहान असताना न्याल तितकं चांगलं. पडद्याच्या शस्त्रक्रियेचं निघालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सरपंचांनो, प्रत्येक वाडीसाठी एक दिवस एक गाडी ठरवा. मुकादमांनो, भट्टीवर न्यायच्या आधी पोरांचे कान दाखवून झालेत का एवढं विचारा, आणि डॉक्टरांचा कागद आईकडे राहू द्या. भट्टीजवळच्या दवाखान्यात तोच कागद दाखवून उपचार पुढे चालू ठेवता येतील.

डॉक्टरकडे निघताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने कागद घ्या. त्या सकाळी पोराच्या कानात काहीही घालू नका, तेलाने भरलेल्या कानात डॉक्टरांना पडदा दिसत नाही.