दर शनिवारी एक भाग

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे पुस्तक म्हटले की मला परीक्षा आठवते आणि मोठ्याने वाचायचे म्हटले की शाळेतले हसणे. एका धड्यातला 'क्षितिज' हा शब्द मी चुकीचा उच्चारला आणि सारा वर्ग हसला. तेव्हापासून मी आपणहून कधी वाचायला उभा राहिलो नाही.

माझा एक मित्र बेने इस्राएल आहे. ठाण्यातील त्यांचे 'शाआर हाशामायिम' हे सिनेगॉग १८७९ सालचे. तोरा या धर्मग्रंथाचे ५४ भाग आहेत. दर शनिवारी ठरलेला भाग मोठ्याने वाचायचा. वर्षाअखेर मोशेच्या मृत्यूपाशी ग्रंथ संपतो, आणि त्याच दिवशी सृष्टीच्या उत्पत्तीपासून पुन्हा आरंभ! हस्तलिखित गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी नसावी तसे. म्हणून वाचणारा आधी घोकून येतो. तरीही अर्थ बदलणारी चूक झाली, तर ऐकणारे तिथेच दुरुस्त करतात आणि तो शब्द पुन्हा वाचतो.

"लाज नाही वाटत?" मी विचारले.

"लाज कसली? सगळ्यांचंच पुस्तक आहे ते," तो म्हणाला.

या समाजाचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले तेव्हा ग्रंथ समुद्रात गेले, असे त्यांची परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी त्यांना हिब्रू वाचन शिकवले. म्हणजे कितीतरी पिढ्यांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, आणि मग कोणीतरी माझ्यासारखाच घरातला पहिला वाचणारा झाला.

कोणी म्हणेल, तेथे श्रद्धा आहे. अभ्यासक्रमाला ती कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. पण श्रावणात आमच्या चाळीत पोथी लागते, तेव्हा माझी निरक्षर आई वाचणाऱ्याची गाळलेली ओवी बरोबर पकडते. हे केवळ श्रद्धेने होत नाही. दरवर्षी तेच ऐकल्याने होते. आम्ही मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचतो आणि निकालानंतर पुस्तक रद्दीत घालतो.

मित्रहो, एक साधी सूचना. नेमलेल्या पुस्तकांपैकी एक तरी आपण दर शनिवारी थोडेथोडे, पाळीपाळीने, मोठ्याने वाचू या. नियम एकच : चुकल्यास दुरुस्त करावे, हसू नये.

पहिल्या शनिवारी मी वाचेन.