घरातला कच्चा लिंबू

यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब म्हटलं की लोकांना चिंतामणीचं मंदिर आठवतं. मला आठवते ती मे महिन्यातली दुपार. बाहेर रणरणतं ऊन, लोटलेली दारं, कूलरची घरघर आणि फरशीवर खडूने आखलेला अष्टा-चंगाचा पट. यंदाच्या सुट्टीतही मुलं जमली. चौदा वर्षांची पुतणी, अकरा वर्षांचा भाचा आणि त्याची पाच वर्षांची बहीण. भाच्याला जन्मापासून फार कमी दिसतं.

पहिल्या दिवशी मीच त्याला म्हणालो, "ये, तूही बस. तू कच्चा लिंबू."

त्याने विचारलं, "मामू, कच्चा लिंबू जिंकला तर मोजता का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कच्चा लिंबू आपण सगळेच खेळलोय. तो खेळात असतो, पण बाद होत नाही. त्याला डाव मिळतो, पण हिशेबात धरला जात नाही. आपल्या पिढीला हे बाहेरच्या जगात चांगलंच ठाऊक आहे. सलोख्याच्या बैठकीत आपल्याला खुर्ची मिळते, ईदला शिरखुर्म्याचा फोटो निघतो. गावाचा निर्णय होताना मात्र आपलं मत कोणी विचारत नाही. त्याचा आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण घरातल्या दिव्यांग मुलाशी आपण नेमकं तसंच वागतो आणि त्याला माया म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आपाने एक जुनी चादर घेतली आणि जाड दोऱ्याने तिच्यावर पाच बाय पाचची पंचवीस घरं शिवली. फुलीची घरं दुहेरी टाक्यांची, म्हणजे तिथे सोंगटी सुरक्षित आहे हे बोटाला कळतं. कवड्यांचं काम सोपंच होतं. कवडी उताणी की पालथी हे हाताला लगेच समजतं. चारही उताण्या पडल्या तर चंगा, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्हींना आणखी एक डाव. फेकणाऱ्याने दान मोठ्याने बोलायचं, एवढा एकच नियम आम्ही वाढवला.

सोंगट्यांची गंमत तर वेगळीच. लुडोच्या सोंगट्या फक्त रंगाने वेगळ्या असतात. आपल्या जुन्या खेळात एकाचे चिंचोके, दुसऱ्याचे खडे, तिसऱ्याचे बांगडीचे तुकडे. म्हणजे स्पर्शानेच ओळखता येतील अशा. बांगडीच्या काचेऐवजी आम्ही बटणं घेतली, इतकंच. धाकटीला चारपर्यंत बोटांवर मोजता येतं, आठला ती दोन्ही हात वापरते. वाचता यायची गरजच नाही. खेळ लांबू नये म्हणून प्रत्येकाला चारऐवजी दोनच सोंगट्या दिल्या.

मग खरी परीक्षा आली. आतल्या घरांत शिरायचं तर आधी कोणाची तरी सोंगटी मारावी लागते. भाच्याने धाकटीची मारली. ती रडली. मी सवयीने म्हणालो, "जाऊ दे, लहान आहे, परत ठेव." पुतणी म्हणाली, "चाचू, मग ती कच्चा लिंबूच झाली ना?" खरं होतं. सोंगटी मेलीच. धाकटी डोळे पुसून पुन्हा कवड्या फेकायला बसली.

माझं म्हणणं एवढंच आहे: पट बदला, मोजणी बदलू नका. दिसत नसेल त्याच्यासाठी टाके घाला, ऐकू येत नसेल त्याच्यासाठी बोटांनी दान दाखवा, वेळ लागत असेल तर थांबा. पण हार आणि जीत खरी असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हाच विचार आहे. माणसाच्या गरजेनुसार योग्य ते बदल करा, म्हणजे तो इतरांच्या बरोबरीने उभा राहील. आम्हाला त्याचा खर्च आला एका रिळाचा.

अब्बांचा एक आक्षेप होता. कवड्या म्हणजे जुगाराची सवय. तो मी हसण्यावारी नेत नाही. कुरआनात जुगाराला मनाई आहे, आणि पैसे न लावताही फाशांचे खेळ नकोत असं मानणारे उलेमा आहेत. माझं मत वेगळं आहे. आमच्या चादरीवर ना पैसा लागतो, ना पैज. जुगार शोधायचा तर आपल्याच खिशातल्या मोबाइलमध्ये शोधावा. तिथे पैसे लावून खेळायचे खेळ इतके बोकाळले की २०२५ मध्ये केंद्राला कायदा करून त्यांच्यावर बंदी आणावी लागली. अब्बांना हे पटलेलं नाही. ते खेळायला बसत नाहीत, पण चादरीला जागा व्हावी म्हणून त्यांनी आपली खाट भिंतीला सरकवली आहे. अस्रची अजान झाली की कवड्या गोळा करायच्या, ही अट त्यांची.

तुमच्या मोहल्ल्यातही असं एखादं मूल असेल, कडेला बसून इतरांचा गलका ऐकणारं. त्याला दया दाखवू नका. पट त्याच्या हाताला लागेल असा करा आणि मग त्याला हरवायचा मनापासून प्रयत्न करा.

भाचा त्या सुट्टीत बऱ्याचदा हरला. दोनदा जिंकला. दोन्ही डाव आम्ही मोजले.