बंगला विकणाऱ्याला एजंटकडून काय हवं असतं?



व्हिडिओखाली तुमच्यापैकी बरेच जण विचारता, "दादा, लोणावळ्यात प्रॉपर्टी एजंट म्हणून सुरुवात करू का? भांडवल लागत नाही ना?" नाही लागत. म्हणूनच तर इथे प्रत्येक टपरीवर एक एजंट चहा पीत बसलेला असतो. माझं मत सांगतो. धंदा चांगला आहे, पण आपले बहुतेक एजंट घेणाऱ्याच्या मागे धावतात आणि विकणाऱ्याला गृहीत धरतात.

विकणारा कोण असतो ते बघा. तुंगार्ली, वलवण, खंडाळा या भागातले पुष्कळ जुने बंगले मुंबईकरांचे. आजोबांनी हौसेने बांधलेला, आता आईवडील थकले, मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीला. माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बल्ब, वायर न्यायला या बंगल्यांचे माळी येतात, त्यामुळे कुठला बंगला विकायला निघालाय ते मला लवकर कळतं. आणि मग त्याच बंगल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर तीन वेगवेगळ्या किमतींनी फिरताना दिसतात! मालकाला यातलं काही माहीत नसतं.

आता त्या लंडनच्या मुलीला सवय कशाची आहे? ब्रिटनमध्ये एस्टेट एजंटसाठी १९७९ चा कायदा आहे. फी किती आणि ती कधी द्यायची, हे काम घेण्याआधी लेखी द्यावं लागतं. एजंटला स्वतःला किंवा त्याच्या नातेवाइकाला घर घ्यायचं असेल तर ते आधीच उघड करावं लागतं. आलेली ऑफर मालकाला लेखी कळवावी लागते. तक्रार निवारण योजनेचं सभासदत्वही सक्तीचं. अमेरिकेत प्रत्येक राज्यात परवाना लागतो आणि विक्रीचं काम घेताना लेखी करार होतो. अशी माणसं वडिलांचा बंगला विकायला तुम्हाला फोन करतात आणि तुम्ही म्हणता, "टेन्शन घेऊ नका, बघतो मी."

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. रेरा कायदा २०१६ चा. २०२३ मध्ये महारेराने एजंटसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पण ही नोंदणी लागते ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. तीस वर्षं जुना बंगला त्यात बसत नाही. म्हणजे जिथे मालक सगळ्यात एकटा असतो, तिथे तुमचा स्वतःचा नियम हाच काय तो नियम. परीक्षा तरीही द्याच, कारण परदेशातला माणूस पहिल्यांदा नोंदणी क्रमांकच विचारतो.

माझा खरा राग आहे तो 'वरचे माझे' या पद्धतीवर. मालकाला सांगायचं, "तुमच्या हातात १ कोटी २० लाख." घेणाऱ्याकडून काढायचे १ कोटी ३५. मधले पंधरा लाख खिशात. दोन टक्क्यांनी दलाली घेतली असती तर विकणाऱ्याकडून २ लाख ७० हजार झाली असती. हिशोब मोहात पाडणारा आहे, मान्य. पण मावळात गोष्ट लपत नाही. घेणारा कधीतरी शेजाऱ्याला आकडा सांगतोच, आणि त्या गल्लीतला पुढचा बंगला तुमच्याकडे येत नाही.

काही एजंट मला म्हणतात, "लेखी मागितलं की मालक पळतो." काही पळतात, खरंय. आणि मालकही धुतल्या तांदळाचे नसतात. पाच एजंटांना चावी देतात, गिऱ्हाईक तुम्ही आणता आणि सौदा परस्पर उरकतात. पण मग कागद कोणाला जास्त हवा? तुम्हालाच ना! साधं एक पान करा. किंमत, दलालीचा टक्का, ९० दिवस काम फक्त तुमच्याकडे, आणि दर शनिवारी मालकाला मेसेज: किती जण बघून गेले, कोण काय बोललं, कितीची ऑफर आली. कमी ऑफरही कळवायची. ती नाकारायची की नाही हे मालक ठरवेल, तुम्ही नाही.

जाहिरात टाकायच्या आधी कागद बघा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, नगरपरिषदेची करपावती, मंजूर नकाशा. आजोबांचं नाव अजून उताऱ्यावर असेल तर वारसांची नोंद आधी, फोटो नंतर.

आणि विकणारा अनिवासी भारतीय असेल तर टीडीएस. इथला रहिवासी ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला विकत असेल तर घेणारा १ टक्का कापतो. अनिवासी विकणाऱ्याच्या बाबतीत दर बराच जास्त असतो आणि ५० लाखांची मर्यादाही नसते. तो कमी करून घ्यायचा तर आयकर खात्याकडून प्रमाणपत्र आणावं लागतं, त्याला वेळ लागतो. बहुतेक वेळा हे कळतं ते खरेदीखताच्या आठवड्यात. मग घेणारा घाबरतो, तारीख पुढे जाते, मुलीचं परतीचं तिकीट वाया जातं. हा विषय पहिल्याच फोनवर काढून "आधी तुमच्या सीएशी बोला" असं सांगणारे एजंट मी लोणावळ्यात मोजून दोन-तीन बघितलेत.