हेलिकॉप्टर नवे, घाई जुनीच

मुख्यमंत्र्यांसाठी नवे हेलिकॉप्टर घ्यायचे म्हटले की विरोधक उधळपट्टीची ओरड करतात, सत्ताधारी सुरक्षेचे कारण पुढे करतात. सभागृहातली बाके बदलली की संवादांचीही अदलाबदल होते. जुने यंत्र बदलायलाच हवे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. हवेत कमी आणि दुरुस्तीत अधिक राहणारे हेलिकॉप्टर पोसणे ही काटकसर नव्हे. प्रश्न त्यापुढचा आहे.

25 मे 2017 रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण घेताच तारांना अडकून कोसळले. सगळे बचावले, हे नशीब. ते सिकोर्स्की एस-76 दोन इंजिनांचे होते आणि भंगारात काढावे इतके जुने मुळीच नव्हते. पण मे महिन्यातला मराठवाडा, तापून विरळ झालेली हवा आणि उतरायला वस्तीला खेटलेली जागा. अशा हवेत पात्यांना उचल कमी मिळते, हे कोणत्याही वैमानिकाला ठाऊक असते. अशा वेळी ‘दोघांना उतरवा’, ‘ऊन कलू द्या’ किंवा ‘साहेब, आज गाडीने जा’ असे त्याने म्हणायचे, तर पुढच्या सभेची वेळ दाखवणारे दहा जण भोवती उभे असतात. आंध्रचे तत्कालीन मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी 2 सप्टेंबर 2009 रोजी नल्लमलाच्या जंगलात हेलिकॉप्टर कोसळून गेले, ते खराब हवामानात. नवे यंत्र घेतल्याने पाऊस थांबत नाही.

म्हणून खरेदीबरोबरच राज्याच्या विमानचालन संचालनालयाने एक वही ठेवावी. वैमानिकाने नाकारलेले प्रत्येक उड्डाण तीत नोंदवावे आणि वर्षाअखेरीस तो आकडा विधिमंडळापुढे मांडावा. आकडा शून्य आला, तर चौकशी त्या शून्याचीच व्हावी.

किमतीचा वाद होणारच. केंद्राने 2010 मध्ये अतिविशिष्ट व्यक्तींसाठी 12 ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांचा सुमारे 3,600 कोटींचा करार केला आणि लाचखोरीच्या आरोपांनंतर जानेवारी 2014 मध्ये तो रद्द केला. तेव्हापासून अशा फायलीवर सही करताना अधिकाऱ्याचा हात थबकत असेल, तर नवल नाही. निविदा उघड ठेवणे हाच त्यावर उपाय.

मुंबईतल्या दिंडोशीकरांना मात्र जुन्या यंत्राची काळजी अधिक. जुहूहून उडालेले सहलीचे छोटे हेलिकॉप्टर 11 डिसेंबर 2016 रोजी शेजारच्या आरे वसाहतीत पडले, त्यात वैमानिकाचा जीव गेला. ते खासगी होते. पण 28 जून 2018 रोजी घाटकोपरच्या सर्वोदय नगरात कोसळलेले किंग एअर सी-90 विमान एकेकाळी उत्तर प्रदेश सरकारचे होते. आधीच्या एका अपघातानंतर त्या सरकारने ते विकले, खासगी कंपनीने घेतले आणि भर पावसाळ्यात चाचणीसाठी उडवले. आतले चौघे गेले आणि रस्त्यावरचा एक. अशा हवेत चाचणी कशाला, असे तेव्हाही विचारले गेले. सरकारने टाकलेले विमान पुन्हा उडवायला विकावेच का, हे फारसे कोणी विचारले नाही.

महाराष्ट्राने आपले हेलिकॉप्टर निकाली काढताना ते उडण्यासाठी विकू नये. सुटे करून भाग काढावेत, सांगाडा विमान देखभाल शिकणाऱ्या मुलांना द्यावा. लिलावात त्यामुळे पैसे कमी येतील. ती तूट नव्या हेलिकॉप्टरच्या किमतीतच धरावी.